सीलबंद कारखान्यातला झेंडूचा हार

‘ती घटना आजही आठवते’ अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांना सवयच आहे. वाचणाऱ्याला वाटतं, आता साहेब आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगणार. माझी अडचण वेगळी आहे. ही घटना विसरावी म्हणून मी बरीच वर्षं खटपट केली, आणि ते काही जमलं नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. काही माणसं वारली, काहींची मुलंबाळं याच भागात नांदताहेत, त्यांना माझ्या आठवणींचा ताप नको.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. निगडीला तेव्हा प्राधिकरणाचे प्लॉट पडत होते, सांगवी नदीकाठचं गाव होतं, आणि चाकण म्हटलं की कारखाने नाही, कांदा आठवायचा. ठाण्याला एक जीप होती, ती चार शिपायांनी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. गुन्हे ठरलेले: सायकलचोरी, तांब्याची तार, पगाराच्या दिवशी गुत्त्यावरची हाणामारी. डोकं लावावं असं क्वचितच काही यायचं, त्यामुळे मला स्वतःच्या डोक्याबद्दल जरा जास्तच अभिमान होता.

संक्रांत होऊन गेली होती. एका सकाळी साठीकडे झुकलेला एक माणूस ठाण्यात आला. अंगात धुतलेला पण तेलाचे डाग न गेलेला खाकी शर्ट, नखांत काळं. ठाणे अंमलदारानं त्याला तासभर बाकावर बसवून ठेवला होता. मी आत बोलावलं. म्हणाला, “साहेब, मी अमुक कंपनीत फोरमन होतो. कंपनी बुडाली. आता आमच्या मशिनींचा लिलाव आहे तीन आठवड्यांनी. मशिनी बदलल्यात.”

कंपनी मला माहीत होती. गिअर बनवायची. मालकाचं दिवाळं निघालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं नेमलेल्या लिक्विडेटरच्या ऑफिसनं कारखाना ताब्यात घेऊन सील ठोकलं. पुढची पद्धत अशी, की एक मूल्यमापक येतो, एकेक यंत्र बघून त्याची किंमत ठरवतो, त्या किमतीवरून लिलाव होतो आणि आलेल्या पैशांतून कामगारांची देणी भागवतात. चाळीसेक कामगार चार महिने घरी बसले होते आणि त्यांची सगळी आशा त्या शेडमधल्या लोखंडावर होती.

“अहवालात किंमत कमी लावली, असं म्हणायचंय का?” मी विचारलं.

“नाही साहेब. आम्हाला परवा मशिनी बघायला आत सोडलं होतं. तीन लेथ आणि एक मिलिंग मशीन, चारही भंगार आहेत. भंगाराची किंमत बरोबरच लावलीय. नंबरप्लेट आमच्याच आहेत. मशिनी आमच्या नाहीत.”

“कशावरून?”

त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. “बावीस वर्षं चालवल्यात साहेब. हाताला कळतं.”

हाताला कळतं. आता हे स्टेशन डायरीत कसं लिहायचं? मी त्याला अर्ज लिहून द्यायला सांगितला. पण माझ्याकडे एक जुना हवालदार होता, पंचवीस वर्षं नोकरी झालेला, तोंडात कायम तंबाखू. फोरमन गेल्यावर तो म्हणाला, “साहेब, पाणी कुठंतरी मुरतंय. बुडालेल्या घरचं सामान उचलायला सगळ्यात आधी ओळखीचेच येतात.” त्याच्यामुळे मी अर्ज फाइलला न लावता हातात घेतला.

पहिला संशय अर्थातच मूल्यमापकावर. त्याच्या घरी गेलो. पन्नाशीचा, सडपातळ, डोळ्यांवर चष्मा, पांढरा स्वच्छ बुशशर्ट, बोलणं एकदम मृदू. दिवाणखान्यात कोर्टाच्या नेमणुकीचं पत्र चौकटीत लावलेलं. चहा आला, बरोबर खारी आली. त्यानं अहवालाची प्रत स्वतःहून पुढे केली. टंकलेखन असं सुबक, की आमच्या रायटरला दाखवावंसं वाटलं. मी तो अहवाल घेऊन तंत्रनिकेतनच्या एका मास्तरांना कारखान्यात नेलं. त्यांनी चारही यंत्रं तपासली आणि सांगितलं, “किमती चोख आहेत. उलट एका लेथला थोडी जास्तच लावलीय.”

झालं. मूल्यमापक माझ्या लेखी धुतल्या तांदळासारखा झाला. त्याच्याकडून मी आणखी एकच गोष्ट विचारून घेतली, की कारखान्यात तुम्ही किती वेळा गेलात. तो म्हणाला, “एकदाच. दिवाळीनंतर. लिक्विडेटरच्या ऑफिसचा क्लार्क सोबत होता, त्यानंच सील उघडलं, त्यानंच लावलं.” ऑफिसच्या कागदांतही तेच होतं. सील शाबूत, कुलूप शाबूत. मग चार-चार टनांची यंत्रं गेली कुठून आणि आली कुठून? राहिला कोण, तर दारावरचा पहारेकरी.

पहारेकरी पस्तिशी-चाळिशीचा होता. इंद्रायणीकाठच्या एका गावचा, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला मात्र कमालीचा चाचरणारा. कंपनी चालू असतानाही तोच गेटवर होता, म्हणून लिक्विडेटरच्या ऑफिसनं त्यालाच ठेवला होता. त्याला मी गेटवरच उभं करून विचारलं.

“दिवाळीनंतर इथं ट्रक आला होता?”

“न्हाई साहेब.”

“तू जागा सोडून कुठं गेला होतास?”

“न्हाई. मी जागचा हाललो न्हाई.”

हे म्हणताना त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं. पोलिसाला एक गोष्ट नोकरी शिकवते: खोट्याचा वास. खोटं बोलणारा माणूस आधी बरोबर बोलतो, मग तेच पुन्हा बोलतो. यानं तीन वेळा सांगितलं, मी हाललो न्हाई. तिसऱ्यांदा तर मी विचारलंही नव्हतं.

हवालदार समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि दोन कप चहात काम करून आला. टपरीवाल्याला पक्कं आठवत होतं. दिवाळी झाल्यावर दोन दिवस गेटवर भलताच माणूस बसला होता, टेरिकॉटच्या पँटीतला. तो उधारी न ठेवता रोख पैसे द्यायचा, म्हणून लक्षात राहिला. आणि त्या दोन दिवसांत आत गाडीही गेली होती.

मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं. पहारेकऱ्याला ठाण्यात आणला. अटक दाखवली, कोर्टातून चार दिवसांची पोलीस कोठडी घेतली. तपास संपल्यातच जमा होता. मशिनी कुठं विकल्या तेवढं त्याच्याकडून काढायचं, की झालं.

पहिल्या दिवशी तो बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी मी टपरीवाल्याचा जबाब त्याला वाचून दाखवला. तेव्हा त्यानं सांगायला सुरुवात केली.

“मी गावाला गेलो व्हतो साहेब. भाताची मळणी व्हती. दोन दिस. मूल्यमापन करणारे साहेब आले, म्हनले, आमी मशिनी साफ करून घेतो, तू घरी जाऊन ये, आमचा मानूस बसंल. शिक्का मारलेला कागद व्हता. मला वाचाया येत न्हाई. शिक्का वळखतो.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“जागा सोडली म्हनल्यावर नोकरी जाईल. म्हनून.”

आता इतकी सरळ गोष्ट. पण मी काय केलं असेल? मी हसलो. हवालदाराला म्हणालो, पाहिलंस, आता सभ्य माणसाचं नाव घेतोय. तरी कायद्याप्रमाणे मी मूल्यमापकाकडे पुन्हा गेलो आणि विचारलं, तुम्ही पहारेकऱ्याला कधी घरी पाठवलं होतं का? तो जराही न बिचकता म्हणाला, “मी का पाठवीन? माझा काय अधिकार?” कागद त्याच्या बाजूनं होते. चौकटीतलं पत्र त्याच्या बाजूनं होतं. खारी त्याच्या बाजूनं होती. पहारेकऱ्याच्या बाजूनं होती फक्त भाताची मळणी. त्या दिवशी मी त्याच्यावर आवाज चढवला, दोन चापट्याही मारल्या. लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. चालत आली होती, पायांवर धूळ. डबा आणला होता, तो तिनं हवालदाराकडे दिला. मला वाटलं रडेल, पाया पडेल. तसलं काही तिनं केलं नाही. दारात उभी राहून म्हणाली, “साहेब, काल गावानं आमच्या घरातून देव नेला.”

मला कळेना. मग हवालदारानं उलगडून सांगितलं. त्यांच्या गावात भैरवनाथाचा चांदीचा मुखवटा आहे. तो देवळात ठेवत नाहीत. गाव ज्याच्यावर विश्वास टाकतं त्याच्या घरी वर्षभर असतो, आणि चैत्रातल्या यात्रेला तोच माणूस तो डोक्यावरून देवळात नेतो. अकरा वर्षं तो मुखवटा या पहारेकऱ्याच्या घरी होता. अटकेची बातमी गेल्यावर चार पंच आले, बायकोला म्हणाले, बाई, चोरीचा आळ असलेल्या घरात देव ठेवता येत नाही, आणि फडक्यात गुंडाळून घेऊन गेले.

“नोकरी गेली तर जाऊ द्या,” ती म्हणाली. “दुसरी बघंल. पर हे कसं भरून यायचं?” एवढं बोलून ती गेली. मी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. मनात कुठंतरी टोचलं, पण खरं सांगतो, मला तेव्हाही वाटलं की हा कांगावा आहे. संशयाची सवय लागली की माणसाला रडणं खोटं वाटतं आणि न रडणंही खोटं वाटतं.

तरी दुपारी मी कारखान्यात गेलो. मशिनी ट्रकवर चढवायच्या तर जमिनीवर ओढल्याच्या खुणा असणार, त्यांचा पंचनामा राहिला होता. फोरमनलाही बोलावून घेतलं. पंच उभे केले. शेडमध्ये धूळ, कबुतरांची घाण, आणि ओळीनं उभी असलेली ती चार भंगार यंत्रं. मी तिसऱ्या लेथच्या मागच्या बाजूला गेलो, जिथं पट्ट्यावर जाळीचं झाकण असतं. झाकणाला काहीतरी लटकत होतं. हातात घेतलं तर वाळलेला झेंडूचा हार. वर पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक, अजून ठळक.

फोरमनला म्हणालो, “तुम्ही दसऱ्याला पूजा केली होती वाटतं.”

“खंडेनवमीला दरवर्षी करतो साहेब. पण यंदा कुठली? यंदा दसऱ्याला कंपनीला सील होतं.”

मी हार हातात धरून तसाच उभा राहिलो. सील कधी लागलं होतं ते मला पक्कं माहीत होतं, कारण त्या दिवशी लिक्विडेटरच्या ऑफिसनं बंदोबस्त मागितला होता आणि मी वैतागलो होतो, की गणपती विसर्जनाला माणसं पुरत नाहीत, तुम्हाला कुठून देऊ? म्हणजे भाद्रपद. दसरा त्यानंतर. खंडेनवमीच्या दिवशी या शेडमध्ये माणूसच काय, झेंडूचं फूलही येऊ शकत नव्हतं.

“गेल्या वर्षीचा असेल,” मी स्वतःलाच विरोध करून पाहिला.

फोरमन पहिल्यांदाच हसला. “चालत्या लेथवर हार ठेवून बघा साहेब. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टचा माणूस आधी हार काढतो, नाहीतर गुंडाळून हातच आत जाईल. हार राहिला, म्हणजे पूजेनंतर हे मशीन चाललंच नाही. आणि बघा, हलवणाऱ्यांनीही काढला नाही. देवाचा हार कोण काढून फेकेल?”

आमच्या ठाण्यातही दसऱ्याला बंदुकांची पूजा व्हायची. ती फुलं कुणी केरात टाकायचं नाही, ती रॅकवरच वाळून गळायची. मी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलेली गोष्ट. ज्यानं कुणी हा सगळा डाव रचला त्यानं नंबरप्लेट बदलल्या, कागद तयार केले, सील सांभाळलं. पण यंत्र उचलायला शेवटी हमाल लागले, आणि पूजेच्या फुलांना हात लावायची त्यांची छाती झाली नाही. हे यंत्र खंडेनवमीला दुसऱ्या कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये होतं आणि त्यानंतर इथं आलं होतं. म्हणजे फोरमनचा हात खरा होता.

वर्कशॉप कुठलं, तेही फोरमननंच सांगितलं. लेथच्या पायाला जुनी चीर होती, ती पितळ ओतून सांधली होती. त्यानं त्यावर अंगठा फिरवला. “असं बारीक काम या भागात एकच माणूस करतो.” तो माणूस कासारवाडीच्या बाजूला छोटं वर्कशॉप चालवणारा एक मुसलमान मेकॅनिक. आम्ही जीप ढकलली आणि निघालो.

मेकॅनिक साठीचा, दाढी मेंदीनं रंगवलेली, बनियनवर काम करत होता. कामाला असलेली पोरं सगळी मराठवाड्यातली. मी हार पुढे केला. त्यानं तो बघितला आणि लेथचं वर्णन ऐकून लगेच म्हणाला, “माझंच लेथ आहे साहेब. पाय मीच सांधलाय. बंद पडून दोन वर्षं झाली होती, पण पोरं म्हणाली, चाचा, बंद असलं म्हणून काय झालं, दसऱ्याला त्यालाही हार घालू. फुलं मीच आणली होती बाजारातून. दसरा काय, वर्कशॉपचा असतो.”

“विकलंत कुणाला?”

“दिवाळीत एक जण आला. पांढरा बुशशर्ट, चष्मा, गोड बोलायचा. टॉर्च मारून एकेक भाग बघितला, वहीत लिहून घेतलं. मी किंमत सांगितली आणि त्यानं दिली, राव. भंगार घेणारा माणूस भाव करत नाही, असं कधी पाहिलंय तुम्ही? मला तेव्हाच खटकलं होतं. पण पैसे हातात होते, गप्प बसलो.”

आता मला खारी आठवली.

मूल्यमापकाला मी घरी भेटायला गेलो नाही. ठाण्यात बोलावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. तो वेळेवर आला. मेकॅनिकला मी शेजारच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तो हार ठेवला होता.

तो बसला. हाराकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मी काहीच बोललो नाही. चौकशीत न बोलणं हे मोठं हत्यार आहे. मी मुद्देमाल रजिस्टर उघडून त्यात उगाच सही करत बसलो. पाच मिनिटं गेली असतील.

“माझं काय काम होतं?” त्यानं विचारलं.

“हा हार कुठला, ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय. अहवालात तुम्ही प्रत्येक ओरखडा लिहिलाय. हा हार लिहिला नाही.”

“फुलांची किंमत लावायची नसते,” तो हसून म्हणाला. मग एकदम म्हणाला, “त्या पहारेकऱ्यानं काही सांगितलंय का? दोन दिवस गावाला पळाला होता, ते कबूल केलं का त्यानं?”

मी पेन खाली ठेवलं. “दोन दिवस? मी तुम्हाला फक्त विचारलं होतं, की घरी पाठवलं का. दोन दिवस हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्याचा चेहरा पडला नाही, पण चष्मा काढून तो पुसत राहिला, पुसतच राहिला. मी मेकॅनिकला आत बोलावलं. मेकॅनिकनं त्याला बघून साधा सलाम केला, जुन्या गिऱ्हाइकाला करतात तसा. त्यानंतर अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं.

पद्धत अशी होती. दिवाळीनंतर तपासणीच्या आधी ‘साफसफाईसाठी’ म्हणून दोन दिवस चावी आणायची. लिक्विडेटरच्या ऑफिसात अशी चावी नुसत्या चिठ्ठीवर मिळायची, रजिस्टरला नोंद व्हायची नाही, आणि चावी परत आल्यावर क्लार्क बाहेरूनच नवं सील लावायचा. आत कोण बघतंय? पहारेकऱ्याला शिक्क्याचा कागद दाखवून घरी पाठवायचं. चांगली यंत्रं बाहेर, गावोगावची भंगारं आत, नंबरप्लेट इकडच्या तिकडे. मग तपासणीच्या दिवशी क्लार्कसमोर भंगाराची किंमत अगदी प्रामाणिकपणे भंगाराइतकी लावायची. पहारेकरी तोंड उघडणार नाही याची त्याला खात्री होती. “जागा सोडलेला माणूस स्वतःहून सांगत नाही,” हे त्याचेच शब्द. माणसाचीही किंमत त्यानं बरोबर लावली होती, आणि माझीसुद्धा.

मशिनी चाकणला सापडल्या, कांद्याच्या एका वखारीच्या मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. कांद्याच्या उग्र वासानं डोळ्यांना पाणी येत होतं. फोरमननं पहिल्या लेथच्या चाकावर हात ठेवला, अर्धा फेरा फिरवला आणि म्हणाला, “हीच.” मग तो बाहेर जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे कांद्यानं लाल झाले होते की कशानं, ते मी विचारलं नाही. लिलाव थांबला, दुसरा मूल्यमापक आला, आणि कामगारांना त्यांची देणी मिळाली. उशिरा आणि पूर्ण नाही, पण मिळाली. या सगळ्यात बुडालेल्या मालकाचा हात होता का, हे मला शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही. संशय मात्र आजही गेलेला नाही.

आता जे सांगायचं आहे ते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी लहानपणी शाळेत पाठ केली होती आणि मोठेपणी खुर्चीत बसून करून दाखवली. पहारेकऱ्याला सोडलं. जाताना त्यानं डबा तेवढा परत घेतला. मला राहवेना. पुढच्या रविवारी मी साध्या कपड्यांत एसटीनं त्याच्या गावी गेलो. देवळाच्या पारावर पंच जमले होते, तोही होता. मी उभा राहून सांगितलं, की हा माणूस निर्दोष आहे, याला अटक करण्यात माझी चूक झाली, देव याच्या घरी परत जावा. फौजदारानं असं बोलायची तेव्हा रीत नव्हती. पंचांना बरं वाटलं. एक म्हातारा म्हणाला, “झालं तर मग. आजच घिऊन जा रं देव.”

तेव्हा पहारेकरी उभा राहिला. चाचरतच बोलला. “साहेबांनी सांगितलं ते खरं हाय. पर मी जागा सोडली व्हती. त्याच दोन दिसांत मशिनी गेल्या. आन इचारल्यावर मी खोटं बोललो, तीनदा. मी चोर न्हाई, पर ह्ये केलंय. यंदा देव दुसऱ्या कुनाकडं ठिवा. फुडच्या साली गावाला वाटलं तर बघा.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याच्यावर कुणी आरोप ठेवला नव्हता, कुणी जबाब मागितला नव्हता. माझी मान खाली गेली.

पुढची यात्रा झाली तेव्हा मी पाहुणा म्हणून गेलो नाही, लांबूनच पाहिलं. मुखवटा दुसऱ्याच्या डोक्यावर होता, हा मागून चालत होता. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र गावानं देव त्याच्याकडे दिला. त्या चैत्रात मी मुद्दाम रजा टाकून गेलो. त्यानं मुखवटा देवळात नेला. मला मनापासून आनंद झाला, डोळे भरून आले. संध्याकाळी त्याच्या घरी बसलो. बायकोनं चहा दिला, पण माझ्याशी बोलली नाही. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “साहेब, एक इचारू? तुमच्या कागदावर माजं काय लिवलंय?”

मी म्हणालो, “निर्दोष म्हणून लिहिलंय.”

त्यानं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

तसं लिहिलेलं नव्हतं. सोडताना मी केस डायरीत आमचं नेहमीचं वाक्य टाकलं होतं: ‘आरोपीस पुराव्याअभावी मुक्त करण्यात आले.’ चुकीची अटक केली असं लिहिलं असतं तर वरून खुलासा मागितला असता, बढतीची यादी तोंडावर होती. नोकरीच्या भीतीनं तो खोटं बोलला म्हणून मी त्याला कोठडीत घातलं. त्याच भीतीनं मी खोटं लिहिलं आणि त्याच्याच घरात, त्याचाच चहा पिऊन, खोटं बोललो. मला कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या सगळ्या नोकरीत खोट्याचा वास आला, की मी आधी विचार करायचो, हे केवढं खोटं आहे आणि कशाच्या भीतीनं. त्यामुळे काही माणसं वाचली असतील. पण तो पहारेकरी आता हयात नाही, आणि ती केस डायरी कुठल्या कपाटात कुजली ते मला माहीत नाही. त्याला सांगितलं होतं, लिहिलंय. ते आज लिहितो. पुराव्याअभावी नव्हे. तो निर्दोष होता, आणि त्याला अटक करून मारणारा फौजदार मी होतो.